हिवाळी सुट्टीत काय ऐकावे?

नाताळचा आठवडा जवळ आला की प्राध्यापकांच्या खोलीत दोन प्रश्न हमखास निघतात. उत्तरपत्रिका कधी तपासून व्हायच्या, हा पहिला आणि हाती येणाऱ्या चार दिवसांच्या सुट्टीत करावयाचे काय, हा दुसरा. यंदा एका तरुण सहकाऱ्याने तिसरा प्रश्न टाकला. "सर, सुट्टीत स्वस्थ बसून ऐकावे, मनाला विचार करावयास लावील, असे काही संगीत सुचवा." प्रश्न साधाच, पण अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्याने बराच वेळ अडवून धरले.

निवड हे टंचाईचे अपत्य होय, असे आम्ही वर्गात शिकवितो. एके काळी गाणे दुर्मीळ होते. आकाशवाणीच्या ठरल्या वेळेची वाट पाहावी लागे, तबकडीसाठी पगारातून पैसे बाजूला काढावे लागत. आज मोबाइलवर हवे ते गाणे जवळजवळ फुकट मिळते. मग टंचाई संपली काय? ती संपली नाही, तिने केवळ जागा बदलली. आता ऐकणाऱ्याचे अवधान दुर्मीळ झाले आहे. तेव्हा जे संगीत आपल्याकडे पैशाऐवजी वेळ मागते, ते सुट्टीसाठी निवडावे, ही पहिली कसोटी ठरते.

भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात डिसेंबरात भरतो आणि रसिक थंडीत तासन् तास बसून रागाचा विस्तार ऐकतात. ते भाग्य आपल्या वाट्याला नाही, म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडील सुशिक्षित हळहळतात. वस्तुतः हिवाळा हा आपल्याकडेही गाण्याचाच हंगाम आहे. धान घरात आले की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि गावेच्या गावे रात्रभर जागतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांच्या खंजिरी भजनाची परंपरा मात्र विदर्भातील खेड्यांत अजून जागती आहे.

या हंगामातील सर्वांत कमी ऐकले जाणारे गाणे मात्र सूरजागडच्या परिसरात आहे. एटापल्ली तालुक्यातील हा डोंगर वर्तमानपत्रांत येतो तो लोहखनिजामुळे. वार्षिक उत्खनन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत नेण्यास २०२३ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. याच डोंगरावर जानेवारीच्या आरंभी ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतील माडिया लोक तेथे जमतात. त्यांचा रेला म्हणजे हातात हात गुंफून नाचत गावयाचे गीत. एका गटाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती झेलावी, असा त्याचा रिवाज. रेल्यात गायक आणि श्रोता असा भेद मुळी नसतोच.

येथेच हिशेबाचा एक मुद्दा उपस्थित होतो. खनिज वापरले की संपते. न वापरल्यास ते युगानुयुगे जमिनीत तसेच राहते. गाण्याचा न्याय याच्या नेमका उलट आहे. ते जितके वापरावे तितके वाढते आणि एका पिढीने गाइले नाही की कायमचे बुडते. खनिजाच्या प्रत्येक टनाची नोंद होते. बुडालेल्या गाण्याची कोणत्याच खातेवहीत होत नाही. आणि रेला बव्हंशी तोंडीच चालत आलेला आहे.

रोजगाराची भूक असलेल्या तरुणाला गाणी गात बसण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. खाणीविषयी त्या भागातच मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही. पण नोकरी आणि गाणे यांत एकच निवडावे लागते, असे कोठे आहे? गाण्याला एक संध्याकाळ पुरते. त्या संध्याकाळी ध्वनिक्षेपकाच्या भिंती तेवढ्या बंद हव्यात. शहरातून हौसेने जाऊन आदिवासींचा नाच तमाशासारखा पाहावा, असेही मी सुचवीत नाही. ज्यांचे गाणे आहे त्यांनी ते गावे. आपण इतरांनी निदान त्याचा अर्थ विचारावा.

मी तो विचारला. माझ्या वर्गात एटापल्लीकडील एक विद्यार्थी आहे. त्याच्या गावच्या रेल्यात काय म्हटलेले असते, असे विचारताच तो क्षणभर ओशाळला. "चाल येते सर," तो म्हणाला, "शब्द आजीला विचारावे लागतील."

वीस वर्षे या जिल्ह्यात शिकवीत असून हा प्रश्न मी प्रथमच विचारला, हे ध्यानात येऊन ओशाळण्याची पाळी माझीही होती. सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. ज्याच्या घरी असे एखादे गाणे आणि ते जाणणारे वडीलधारे माणूस आहे, त्याने या सुट्टीत दुसरे संगीत शोधू नये. शेकोटीजवळ आजीच्या शेजारी बसावे आणि शब्द विचारून घ्यावेत.