साथीला बसणाऱ्याचं नाव

आपल्या सिंधुदुर्गात डबलबारीचा फलक लागला की त्यावर दोन्ही बुवांचे फोटो मोठे असतात. पखवाजवाल्याचं नाव त्याखाली येतं. झांज वाजवणाऱ्याचं नाव बहुधा नसतंच. गाणारा मोठा आणि वाजवणारा त्याच्या मागचा, ही समजूत मोठ्या मैफिलींतही फार जुनी आहे. सारंगियांना तर लोक तुच्छतेनेच वागवत.

घाट चढून मिरजेला गेलं की हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. दर वर्षी उरुसात गायक-वादक तिथे हजेरी लावतात. १८७२ मध्ये कैराना इथे जन्मलेल्या खाँसाहेबांची सुरुवात सारंगीने झाली. गाण्याकडे ते नंतर वळले. वीणा, सितार आणि तबलाही त्यांना येत असे. सवाई गंधर्व त्यांचेच शागीर्द. १९३७ मध्ये खाँसाहेबांचा इंतकाल झाला.

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ हेही आधी वडिलांकडे, शाहमीर खाँ यांच्याकडे, सारंगी शिकले. उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याही हातात तरुणपणी सारंगी होती.

हा निव्वळ योगायोग नव्हे, असं आम्हांला वाटतं. सारंगीला पडदे नसतात. तार नखाच्या मुळाशी दाबून सूर शोधावा लागतो, आणि तो योग्य लागला की नाही हे कानच सांगतो. त्यातून साथ करणाऱ्याला गवयाची प्रत्येक जागा ऐकून लगेच वाजवून दाखवावी लागते. अशी वर्षं काढलेला माणूस पुढे स्वतः गायला बसला, तर त्याचा कान आधीच तयार झालेला असतो.

पंडित जसराज यांची गोष्ट जरा निराळी आहे. लहानपणी ते तबला वाजवत. पण साथीदारांना मिळणारी वागणूक त्यांना सहन झाली नाही आणि चौदाव्या वर्षी त्यांनी तबला सोडला. आपल्याला एक थोर गायक मिळाला, हे खरं. पण अशाच अपमानाने वाद्य खाली ठेवलेले आणि पुढे कुठेच न पोचलेले किती असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

संगीताबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. प्रश्न कुठल्याही हुनराचा आहे. गवंड्याच्या हाताखालचा पोरगा, जाळं विणणाऱ्या चाचांजवळ बसून गाठी शिकणारी मुलगी, शाळेच्या स्नेहसंमेलनात ढोलकी धरणारा विद्यार्थी, हे सगळे साथीलाच बसलेले असतात. ते पाहत असतात, ऐकत असतात, शिकत असतात. “अजून दुसऱ्याच्या हाताखालीच का?” असं त्यांना घरी विचारू नये. आज काय शिकलास, हे विचारावं. आणि शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत ढोलकीवाल्याचंही नाव छापावं. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही.