नियम सारखा, मार सारखा नाही

‘नियम दोघांनाही सारखाच लागू आहे, मग तक्रार कसली?’ डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या आमच्या दहिसरच्या मंडळींत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर लिहिणं भाग आहे. बोलणारा बहुतेक वेळा डंजन मास्टर असतो, म्हणजे आपला डीएम. त्याने क्रिटिकल हिटचा एखादा घरचा नियम नुकताच टेबलावर ठेवलेला असतो आणि त्याला तो फार न्यायाचा वाटत असतो. माझं म्हणणं एवढंच की तो न्यायाचा नाही, आणि ‘सारखाच’ या शब्दामागे लपून तो खेळाडूंच्या खिशातून काहीतरी काढून घेतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. चार-पाच जण एकेक पात्र चालवतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. उरलेलं सगळं जग डीएम चालवतो, त्यातले राक्षससुद्धा. वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. फाशावर चक्क वीसच आले तर तो क्रिटिकल, आणि 2014 च्या पुस्तकाप्रमाणे अशा वेळी डॅमेजचे फासे दुप्पट टाकायचे. (फासा म्हटला की आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पैसे लागलेले असोत वा नसोत. ती बहस मोठी आहे, इथे नको.)

आता घरचा नियम कुठून येतो ते पाहा. त्यामागची तक्रार खरी आहे. योद्ध्याची तलवार आठ बाजूंच्या फाशाची, वर तीन मिळवायचे. साध्या वाराची सरासरी साडेसात. वीस पडले, सगळे ओरडले, दोन फासे टाकले आणि पडले एक अन् एक. तीन मिळवून झाले पाच. म्हणजे नशिबाने दिलेला वार साध्या वारापेक्षा फुसका! म्हणून कोणीतरी सुचवतं की एक फासा पूर्ण आठ धरायचा आणि दुसरा टाकायचा. आता कमीत कमी बारा. माझी याला काडीची हरकत नाही. वीस पडल्यावर माणसाला काहीतरी मिळायला हवं.

पण मग डीएम म्हणतो, ‘माझ्या राक्षसांनाही हाच नियम.’

आठ हिट पॉइंटचा जादूगार घ्या, पहिल्या लेव्हलचा. समोर साधा गॉब्लिन, सहा बाजूंचा फासा अधिक दोन. पुस्तकाप्रमाणे त्याचा क्रिटिकल म्हणजे दोन फासे अधिक दोन. छत्तीसपैकी दहा शक्यतांत जादूगार उभा राहतो. फार नाही, पण जीव मुठीत धरायला पुरे. घरच्या नियमाने सहा आधीच धरले, दोन मिळवले, आठ झाले. दुसरा फासा टाकायची गरजही उरली नाही. जादूगार पडला.

‘पण गॉब्लिनही तसाच मरतो ना?’ मरतो. तो तसाही मरणारच होता. त्याचं आयुष्य तीन फेऱ्यांचं. त्यात त्याच्यावर पाच-सात वार होतात आणि त्याचं नावही कोणी विचारत नाही. तुमचं पात्र वर्षभर चालतं. समजा पन्नास लढाया झाल्या आणि दर लढाईत तुमच्यावर सहा वार झाले, तर तीनशे फासे झाले. त्यांत वीस पडायचे साधारण पंधरा वेळा. पंधरापैकी एकच पुरतो.

लुडोत हे होत नाही. तीन सहा लागोपाठ पडले की डाव बाद, हा नियम काही घरांत आहे, काहींत नाही, पण तिथे चौघांच्याही सोंगट्या चारच आणि फासाही प्रत्येकाच्या हातात तेवढ्याच वेळा येतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा, एक हात आउट’ चालतं, नदीत बॉल घालवणारा आउट हेही चालतं, कारण दोन्ही टीम बॅटिंग करतात. तिथे सारखा नियम म्हणजे इन्साफ. डीएमच्या टेबलावर दोन बाजू सारख्या नाहीतच. एकीकडे एकेकच जीव, दुसरीकडे न संपणारी फौज.

हे मी शोधून काढलेलं नाही. गॅरी गायगॅक्सने 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये हेच सांगितलं होतं: असले नियम दोन्ही बाजूंना लावावे लागतील, आणि लावले की खेळाडूंच्या पात्रांचं आयुष्य घटेल. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत क्रिटिकल मुख्य नियमांत आला तो आलाच. 2022 मध्ये प्रकाशकांनी चाचणीच्या मसुद्यात राक्षसांचा क्रिटिकल काढूनही पाहिला, मग माघार घेतली. मला वाटतं माघार घ्यायला नको होती.

आमच्यातल्या काहींना या नियमाचं वेगळंच कौतुक आहे. छापील खेळात क्रिटिकल आणण्याचं श्रेय बहुधा 1975 च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ला दिलं जातं, आणि त्याचे कर्ते मुहम्मद अब्दुल रहमान बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात शिकवणारे अमेरिकन, उर्दूचे अभ्यासक, भारतात असताना मुसलमान झालेले. त्यांच्या खेळात वीसला दुप्पट मार. पुन्हा टाकून एकोणीस किंवा वीस आले तर समोरचा जागच्या जागी खलास. ‘बघ, आपल्या माणसाचा नियम!’ असं मला सांगितलं जातं. याच माणसाने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, 1991 मध्ये छापलेली. त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानानेच 2022 मध्ये हे कबूल केलं. तेव्हा नावाचा अभिमान बाजूला ठेवू आणि नियम काय करतो ते पाहू.

याहून वाईट म्हणजे फंबलचा तक्ता. एक पडला की तलवार निसटते, नाहीतर शेजारच्या सोबत्याला लागते. सगळे हसतात, म्हणून हा नियम टिकतो. हिशेब करा. पहिल्या लेव्हलचा योद्धा एका फेरीत एक वार करतो, चूक होण्याची शक्यता शंभरात पाच. विसाव्या लेव्हलचा तोच योद्धा चार वार करतो, म्हणून निदान एक चूक होण्याची शक्यता शंभरात साडेअठरा. फेरी सहा सेकंदांची. म्हणजे जगातला सर्वांत निष्णात तलवारबाज साधारण दर अर्ध्या मिनिटाला तलवार टाकतो! वीस वर्षं वडे तळणाऱ्याचा हात नवशिक्यापेक्षा चौपट भाजतो असं कोणी म्हणेल का? आणि आगीचा गोळा फेकणारा जादूगार वाराचा फासा टाकतच नाही, समोरच्यालाच टाकायला लावतो. त्याची चूक कधी होत नाही. हे सगळं ‘वास्तव वाटावं’ म्हणून.

‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. सहा दिवस नोकरी करून सातव्या दिवशी विरारहून लोकलने दहिसरला येणारा मुलगा, महिनाभर आपल्या पात्राची कथा लिहून आणलेला, पहिल्याच लढाईत घरच्या नियमाने पडतो आणि पुढचे दोन तास मोबाइल चाळत बसतो. तो भांडत नाही. पुढच्या रविवारी त्याला ‘काम’ असतं, त्याच्या पुढच्याही. डीएमला वाटतं, पोरगा टिकला नाही. नव्याने आलेल्या मुलींच्या बाबतीतही मी हेच पाहिलंय: फंबलवर सगळं टेबल हसतं, त्या कसनुशा हसतात आणि परत येत नाहीत. जुने गडी राहतात, कारण त्यांच्या पात्रांना साठ-सत्तर हिट पॉइंट आहेत. नियम त्यांना लागतच नाही.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. खेळाडूचे वीस पडले तर एक फासा पूर्ण धरा, खुशाल. राक्षसांना पुस्तकाप्रमाणेच राहू द्या. फंबलचा तक्ता फाडा. जो काही घरचा नियम असेल तो पहिल्या रविवारच्या आधी ग्रुपवर लिहून टाका, वीस पडल्यावर आठवू नका. आणि गॉब्लिनचे दोन्ही फासे पडद्याआड नाही, सगळ्यांसमोर टाका.