कितीचं मॉडेल?

आमच्या शाहूवाडी तालुक्यात दारात नवी-जुनी कुठलीही गाडी दिसली की माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. "कितीचं मॉडेल?" आणि "पासिंग कधीचं?" पहिला प्रश्न गाडीच्या जन्माचा, दुसरा तिचं नाव सरकारदरबारी लागल्याचा. बहुतेक लोक दोन्हीला एकच उत्तर देतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. गेल्या महिन्यापर्यंत मीही त्यातलाच.

झालं असं की आमच्या बापूदादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, त्याची स्पोर्ट्‌स कार विकायची वेळ आली. मलकापुरात स्पोर्ट्‌स कार म्हटल्यावर हसू नका, मंडळी! गाडी सॅन स्टॉर्म आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात तयार झालेली, दोन सीटांची देशी गाडी. फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. दादानं ती कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून निव्वळ हौसेपोटी घेतली होती. आंबा घाटात निघाला की गुराखी पोरं शिट्ट्या मारायची. आता मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, हौस बाजूला.

पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पहिल्या लॉटमधली आहे का? असेल तर जास्त देतो." दादा गप्प. कारण जुनं आरसी बुक आधीच्या मालकांच्या घरी ऑगस्ट 2019 च्या महापुरात भिजून लगदा झालेलं. दुय्यम प्रतीवर नोंदणी मार्च 2002 आणि उत्पादनाच्या रकान्यात 01/2002. कंपनीची बिल्ला-पट्टी कधीतरी रंगकामात हरवलेली.

मग आमचा शोध सुरू झाला. दोन रविवार गेले.

चासी नंबर आधी पाहिला. जगभर तो सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्षाची खूण घालतात, पण सगळ्याच नाही. आणि ती खूण वर्षाची, दिवसाची नव्हे. कितवी गाडी, कोणत्या दिवशी, कुठल्या रंगात बाहेर पडली हे कारखान्याच्या वहीत असतं. नंबर हे कुलूप, वही ही किल्ली. या गाडीचं उत्पादन थांबून वर्षं लोटली, आता वही कुणाला मागायची?

म्हणून अंगावरच्या खुणा पाहिल्या. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2308 म्हणजे 2008 चा तेविसावा आठवडा. पण टायर बदललेले, ती साक्ष बाद. काचेच्या कोपऱ्यात शिक्क्याखाली वर्षाचा आकडा होता: 2000. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर 2001. इंजिनाच्या ओतीव भागावरची खूण वाचायला उद्यमनगरातल्या एका जुन्या फौंड्रीवाल्या मामांना आणलं. ते म्हणाले, "पोरांनो, सुट्या भागाची तारीख एवढंच सांगते की गाडी त्याच्या आधीची नाही. कधीची आहे ते नाही सांगत." लाख मोलाचं बोलले. सर्वांत उशिराच्या अस्सल भागानंतर आणि पासिंगच्या आधी, म्हणजे 2001 ते मार्च 2002 या दरम्यान कधीतरी. याच्यापुढे आम्हाला सरकता आलं नाही.

आणि ते 01/2002? जानेवारी खरा असेल, किंवा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कुणीतरी भरलेला असेल.

हे ऐकून कट्ट्यावर बसलेले आमचे आण्णा हसले. "म्हणजे हिची पण एक जूनच की!"

एक जूनची गोष्ट आपल्याकडे घराघरांत आहे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहून टाकलेली तारीख. आण्णांचा जन्म मार्गशीर्षातला, घरात मळणी चालू होती असं आजी सांगायची. कागदावर 1 जून. सरकारी नोकरीत 1 जूनवाल्यांची निवृत्ती 31 मेला, म्हणून आण्णा सहा महिने आधी घरी आले. सहा पगार गेले. त्याहून जास्त सलतं ते हे की, त्यांच्या खऱ्या वाढदिवसाला कुणाचाच फोन येत नाही.

माझं म्हणणं इथंच आहे. माणसाची असो वा यंत्राची, जन्माची नोंद ज्याच्या हातून जन्म झाला त्यानंच करायची आणि सांभाळायची असते. इंग्लंडात ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना 1980 साली बंद झाला. तरीही आज एमजीबीचा मालक फी भरून गेडनच्या मोटार संग्रहालयातून दाखला मागवू शकतो: बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, गाडी कुठं रवाना झाली. कारखाना गेला, वह्या राहिल्या. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनुसार चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना गाडीवर ठोकावा लागतो. पण उत्पादन बंद झाल्यावर वहीचं काय? कंपनीनं ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत जमा करावी, असा नियम का नसावा? कपाटभर वह्या तर असणार.

हे हौशी लोकांचं खूळ नाही. डिसेंबर 2020 मध्ये डीसी अवंती या आणखी एका देशी स्पोर्ट्‌स कारचं प्रकरण मुंबई पोलिसांनी काढलं, त्यात एकाच इंजिन-चासी नंबरावर एकाहून जास्त नोंदण्या झाल्याचा आरोप होता. खरं-खोटं कोर्टानं ठरवायचं. पण कारखान्याची वही कुणालाही पाहता आली, तर असा संशय पाच मिनिटांत फिटेल.

असो. मधला एजंट दादाला म्हणाला, "पहिल्या लॉटची म्हणा, कोण बघतंय? साठ-सत्तर हजार जास्त येतील." दादानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी त्यानं वहीच्या पानावर लिहिलं: "नोंदणी मार्च 2002. काच 2000, सीटबेल्ट 2001. बांधणीचा महिना सांगता येत नाही." सोबत खुणांचे फोटो. पुण्याच्या पाहुण्यांनी ते वाचलं, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून गेले. अजून कळवलेलं नाही. फीचा पहिला हप्ता सोसायटीच्या कर्जातून भरला.

तुमच्या दारात कुठलीही जुनी गाडी असेल, अगदी आजोबांची लूना का असेना, तर या रविवारी नंबर, पट्टी, चिठ्ठ्या यांचे फोटो काढून ठेवा. आणि नातेवाईक मंडळींनो, आण्णांचा वाढदिवस मार्गशीर्षात असतो. एक जूनला फोन करू नका.