फोनचा कान

बालमित्रांनो, आज एका फजितीपासून सुरुवात करते. फजिती माझीच आहे, तेव्हा खुशाल हसा!

मागच्या हिवाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजी जात्यावर खूप ओव्या म्हणते. आपण त्या फोनवर घेऊ या का?" ओव्या म्हणजे पहाटे दळताना बायकांनी स्वतःच रचलेली गाणी. त्यांत माहेर असतं, भाऊ असतो, विठोबाही असतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. मग आपल्या गावातली आजी का राहावी?

रविवारी मी गेले. फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला, बटण दाबलं आणि ऐटीत बसले. आजी तासभर गायल्या. मग सगळ्यांनी मिळून ऐकायला घेतलं. काय ऐकू आलं असेल, ओळखा पाहू! नुसती घरघर, घरघर! आजी हसून म्हणाल्या, "बाई, यात जातंच गातंय की! मी कुठाय?"

असं का झालं? आपल्याला तर आजींचा आवाज छान ऐकू येत होता. कारण आपण ऐकतो ते कान आणि मेंदू मिळून. मेंदू हवा तो आवाज निवडतो, नको तो बाजूला सारतो. फोनचा माईक म्हणजे नुसता कान. जे जवळ आणि जोरात, ते तो आधी घेणार. शिवाय जात्याची थरथर जमिनीतून थेट फोनमध्ये शिरत होती.

मी म्हटलं, "आजी, न दळता म्हणाल का?" त्या म्हणाल्या, "हात फिरल्याबिगर ओवी याची नाही." म्हणजे जातं हवंच! मग उरला एकच उपाय : फोनची जागा बदलायची.

खरं तर ही युक्ती फार जुनी आहे. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आलेलाच नव्हता. तो आला 1925 च्या सुमारास. त्याआधी गाणारे एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात. त्या आवाजाने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. आवाज कमीजास्त करायला बटण कुठलं असायला? वरचा सूर आला की मागे सरकायचं, हळू सूर आला की पुढे. अंतर हेच बटण!

फोनच्या बाबतीतही तेच. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं, की माईकवर येणारा स्वराचा दाब निम्मा होतो. खोलीत आणखी एक गंमत होते. भिंतींवर आपटून येणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लांबून घेतलेलं गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.

पुढच्या रविवारी आम्ही अशी तयारी केली :

1. पंखा बंद. फोन विमान-मोडवर, म्हणजे मध्येच कुणाची रिंग नको.

2. स्टुलावर घडी केलेली गोधडी आणि तिच्यावर फोन, म्हणजे थरथर गोधडीतच जिरते. दुसरी गोधडी मागच्या दोरीवर टांगली. पत्र्याचा घुमारा बराच कमी झाला!

3. बहुतेक फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. ती कड आजींच्या तोंडाकडे केली, जात्यापासून लांबच्या बाजूला. अंतर हातभर. फोन तोंडासमोर न धरता जरासा तिरका ठेवला, नाहीतर 'प', 'फ' म्हणताना फुंकर बसून धप् असा आवाज येतो.

4. आधी फक्त 10 सेकंदं, तीही सगळ्यांत जोरात गायलेली. इअरफोन लावून ऐकलं. आवाज चिरकला, तर फोन थोडा मागे. एकदा चिरकलेला आवाज नंतर नीट होत नाही, बरं का!

पेटी, तानपुरा वाजवणाऱ्या मित्रांसाठी एक खास सूचना. फोन मुळात बोलण्यासाठी केलेला असतो. सतत चालणारा एकसारखा आवाज त्याला कधी कधी गोंगाट वाटतो आणि तो तानपुराच पुसून टाकतो! रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय असेल, तर ती गाण्यासाठी बंद करा. WAV हा पर्याय असेल तर तो निवडा. त्यात आवाज जसाच्या तसा राहतो, पण दर मिनिटाला साधारण 5 ते 10 एमबी जागा जाते. दुसऱ्याला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आवाज दाबला जात नाही.

आणि ताई-दादांनो, रील करायची असेल तर? कॅमेऱ्याला लांब जायचं असतं, माईकला जवळ यायचं असतं. मग दोन फोन घ्या. एक चित्र घेईल, दुसरा गाणाऱ्याजवळ आवाज घेईल. सुरुवातीला एक खणखणीत टाळी वाजवा. नंतर दोन्हींतली टाळी जुळवली, की ओठ आणि सूर बरोबर जुळतात.

त्या दिवशी आजींच्या 11 ओव्या स्वच्छ मिळाल्या. ऐकून झाल्यावर आजी म्हणाल्या, "धा जणांना धाडा. पण ती भावाची कुणाला धाडू नका. ती माझी हाय." आम्ही ती ओवी वेगळी ठेवली. पालकांनो, हे मुलांना जरूर सांगा : आवाज ज्याचा, परवानगी त्याची. आणि मुलांचं गाणं कुठे टाकायचं, ते घरात बसून एकत्र ठरवा.

आषाढात आजी गेल्या. त्यांची नात अजून कधी कधी त्या ओव्या लावते. परवा मला म्हणाली, "बाई, नीट ऐकलं तर बांगड्यापण वाजतात."

तर या रविवारचा उद्योग : एकच गाणं तीनदा घ्या. एकदा वीतभरावरून, एकदा हातभरावरून, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. डोळे मिटून ऐका आणि फरक वहीत लिहा. आवाज कुणाचा घ्यायचा, ते मात्र आजच ठरवा. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस आधी!

— तुमच्या बाई