विश्लेषण : हंगाम संपतो तेव्हा संघही संपतो? अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या निष्ठावंत चाहत्याची कोंडी

मायामीजवळच्या हार्ड रॉक स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२६ च्या रात्री इंडियाना विद्यापीठाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवले आणि अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपला. इंडियानाने १६ पैकी १६ सामने जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदाच त्यांच्याकडे आले.

मात्र हंगामाच्या वेळापत्रकातली एक गोष्ट बुचकळ्यात टाकणारी आहे. खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी दिलेली मुदत २ जानेवारीला सुरू होऊन १६ जानेवारीला संपली होती. म्हणजे अंतिम सामना व्हायच्या तीन दिवस आधीच देशभरातील संघांची मोडतोड आणि नवी जुळवाजुळव उरकली होती. अंतिम फेरीतल्या दोन संघांसाठी तेवढे सामन्यानंतरचे काही दिवस वेगळे ठेवले होते. आयपीएलचा अंतिम सामना रविवारी असावा आणि पुढच्या वर्षाचा लिलाव त्याआधीच्या गुरुवारी आटोपावा, तसा हा प्रकार.

ज्या संघासाठी चाहत्याने पाच महिने जीव टाकला, तो संघ हंगामासोबतच विरघळत असेल, तर त्याची निष्ठा नेमकी कुणाशी? अमेरिकेत सध्या हा प्रश्न गांभीर्याने विचारला जात आहे.

कॉलेजच्या संघाचे एवढे वेड कशासाठी?

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि दोन-चार मित्र. कॉलेजच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणे पाहायचे तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जावे लागते. 'अरे, आव्वाज कुणाचा!' ही आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या वेडाचा अंदाज येईल. फरक आकाराचा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजार ६०१ आहे. वानखेडेसारखी तीन स्टेडियम भरली तरी ते भरणार नाही.

इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेत व्यावसायिक संघ मोजक्या मोठ्या शहरांत आहेत. नेब्रास्का, अलाबामा, मिसिसिपी यांसारख्या राज्यांत सर्वोच्च व्यावसायिक लीगचा फुटबॉल संघच नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा, जिल्ह्याचा, राज्याचा संघ. त्यामुळे कधीही कॉलेजची पायरी न चढलेला शेतकरीही त्याच रंगाचा शर्ट घालतो. आजोबांनी घेतलेली सीझन तिकिटे नातवापर्यंत येतात. शनिवारी सकाळपासून गाड्या लावायच्या, शेगड्या पेटवायच्या, शेजारच्याला खाऊ घालायचे, मार्चिंग बँड आला की उभे राहायचे. सामना त्यानंतर.

हंगाम संपल्यावर इतकी पोकळी का जाणवते?

कारण खेळ फार थोडा असतो. नियमित हंगामात एका संघाला १२ सामने मिळतात, त्यातले घरच्या मैदानावर जेमतेम सहा-सात. २०२५ च्या हंगामात सर्वोच्च श्रेणीत १३६ संघ होते आणि प्लेऑफमध्ये जागा फक्त १२. त्यामुळे बहुतेकांचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारीच संपतो. काहींना त्यानंतर 'बोल' म्हणून ओळखला जाणारा एक निरोपाचा सामना मिळतो. मग थेट ऑगस्टअखेरपर्यंत काही नाही. तीन महिन्यांसाठी नऊ महिने वाट पाहायची. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या मांडवाकडे पाहून जे वाटते, ते इथे डिसेंबरात सुरू होते आणि लांबत जाते.

या नात्याचा अभ्यासही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालदिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ मधला शोधनिबंध प्रसिद्ध आहे. सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे कपडे नोंदवले. शनिवारी संघ जिंकला असेल, तर विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे जास्त. विजयाबद्दल बोलताना विद्यार्थी 'आपण' म्हणत, पराभवाबद्दल 'ते'. भारत-पाकिस्तान सामन्यानंतर कोणत्याही पानटपरीवर हेच ऐकू येते.

निष्ठावंत चाहता मात्र यात बसत नाही. तो हरल्यावरही 'आपण'च म्हणतो. कोंडी झाली आहे ती त्याची.

मग बदलले काय?

पूर्वी खेळाडू साधारण चार वर्षे एकाच विद्यापीठात असे. पहिल्या वर्षी बुजलेला पोरगा चौथ्या वर्षी कर्णधार होताना चाहता पाहत असे. हंगाम संपला तरी 'पुढच्या वर्षी हाच पोरगा आणखी तयार होईल' एवढ्या आशेवर हिवाळा निघायचा.

अर्थात, या गोड चित्राला दुसरी बाजू होती. विद्यापीठे, प्रशिक्षक आणि वाहिन्या कोट्यवधी डॉलर कमावत आणि खेळाडूच्या वाट्याला शिष्यवृत्ती सोडून फारसे काही येत नसे. प्रशिक्षक हवा तेव्हा नोकरी बदले. खेळाडूने विद्यापीठ बदलले तर मात्र त्याला वर्षभर बाहेर बसावे लागे. हा अन्यायच होता आणि न्यायालयांत तो टिकला नाही. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा निकालात खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरील निर्बंध बेकायदा ठरवले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर जाहिरातींतून पैसे कमावता येऊ लागले. त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि २०२४ मध्ये ती कितीही वेळा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे अंदाजे १८० कोटी रुपये.

यातला प्रत्येक निर्णय वेगळा तपासला तर खेळाडूच्या बाजूने योग्यच वाटतो. पण सगळे मिळून व्यवस्था अशी तयार झाली की लिलाव नाही, खेळाडू राखून ठेवण्याचा नियम नाही आणि दर जानेवारीला सगळे मोकळे.

ओल मिसच्या चाहत्यांचे काय झाले?

या हंगामातली सर्वात बोलकी गोष्ट मिसिसिपी विद्यापीठाची. सगळे त्याला 'ओल मिस' म्हणतात. ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावातले हे विद्यापीठ. तिथल्या 'ग्रोव्ह' नावाच्या झाडीत सामन्याआधी तंबू पडतात, आणि काही तंबूंत चक्क झुंबरे टांगलेली असतात. संघाने १२ पैकी ११ सामने जिंकले आणि पहिल्यांदाच प्लेऑफची दारे उघडली.

आणि ३० नोव्हेंबरला प्रशिक्षक लेन किफिन यांनी लुईझियाना स्टेट विद्यापीठाची नोकरी स्वीकारली. तेही त्याच कॉन्फरन्समधले, जुने हाडवैरी. पगार वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. जाताना प्लेऑफपुरते तरी संघासोबत राहू द्या, अशी त्यांची इच्छा होती. विद्यापीठाने नकार दिला. विमानतळावर जमलेल्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली.

पुढचे आणखी गुंतागुंतीचे. बचावफळीचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांना मुख्य प्रशिक्षक केले गेले. आक्रमणाची जबाबदारी असलेले चार्ली वाइस ज्युनियर किफिन यांच्यासोबत जाणार हे ठरलेले होते, तरी प्लेऑफमध्ये ते ओल मिससाठीच काम करत राहिले. म्हणजे चाहता ज्या माणसाच्या डावपेचांवर टाळ्या वाजवत होता, तो माणूस दोन आठवड्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या कार्यालयात बसणार होता. अशा अवस्थेत या संघाने टुलेनला हरवले, जॉर्जियाला हरवले आणि उपांत्य फेरीत मायामीकडून ३१-२७ अशी निसटती हार पत्करली.

प्रशिक्षक गेला, अर्धे कर्मचारी बॅग भरून बसले, तरीही चाहत्यांनी हा महिना आयुष्यातला सर्वोत्तम म्हणून साजरा केला. संघ म्हणजे प्रशिक्षक नव्हे, एवढे तरी त्यांनी दाखवून दिले.

इंडियानाच्या चाहत्यांची तक्रार कशाला असेल?

नाहीच. उलट नव्या व्यवस्थेचा सर्वात मोठा लाभार्थी इंडियानाच आहे. हे मुळात बास्केटबॉलचे विद्यापीठ. फुटबॉलमध्ये सर्वोच्च श्रेणीत सर्वाधिक पराभव ज्यांच्या नावावर होते, असा त्यांचा जुना लौकिक. २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने गमावल्यावर कर्ट सिग्नेटी यांना आणले. आपल्याकडे खेळाडू का यावेत, असे विचारल्यावर 'मी जिंकतो. गूगल करून बघा' असे त्यांनी सांगितले, तेव्हा बऱ्याच जणांना हसू आले होते. त्यांनी आपल्या जुन्या, छोट्या विद्यापीठातून खेळाडू सोबत आणले, पोर्टलमधून अनुभवी मुले निवडली आणि दोन वर्षांत संघ उभा केला.

क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा असाच आलेला. त्याआधी तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात होता, पदवीही त्याने तिथूनच घेतली. इंडियानात एकच हंगाम खेळला. त्या एका हंगामात सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली आणि अंतिम सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नावर स्वतः चेंडू घेऊन १२ यार्ड घुसत विजयाचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर तो व्यावसायिक लीगकडे निघाला. त्याच्या जागी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा जॉश हूवर येणार, हे अंतिम सामन्याआधीच ठरलेले होते.

ब्लूमिंग्टनमध्ये चाळीस वर्षे रिकाम्या बाकांवर बसून पराभव पाहिलेल्या माणसाला मेंडोझा 'आपला' वाटतो का? नक्कीच वाटतो. पण बर्कलीत दोन हंगाम त्याला खेळताना पाहणाऱ्या चाहत्याने १९ जानेवारीच्या रात्री काय करायचे? मेंडोझाकडे पदवी त्यांचीच आहे. तो त्यांचा माजी विद्यार्थी आहे आणि राहील. अंगावरचा शर्ट मात्र दुसऱ्याचा होता.

मराठी मुलांचा यात कुठे संबंध?

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. पुण्या-मुंबईतून अभियांत्रिकीच्या पुढच्या शिक्षणासाठी जाणाऱ्यांत इंडियाना राज्यातलेच पर्ड्यू विद्यापीठ ओळखीचे. त्यांच्या संघाचे नावच 'बॉयलरमेकर्स'; मेकॅनिकलवाल्यांना ते विशेष आवडावे. ऑगस्टमध्ये उतरलेल्या मुलाला नियमही माहीत नसतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी तो सोनेरी-काळा शर्ट घालून उभा असतो. परक्या गावात 'आपण' म्हणायला मिळालेली ती पहिली जागा असते.

पर्ड्यू आणि इंडियाना यांच्यातील वैर लाकडी बादलीचे आहे. १९२५ पासून विजेत्याला एक जुनी ओकची बादली मिळते. या नोव्हेंबरात इंडियानाने पर्ड्यूला ५६-३ असे धुतले. पर्ड्यूने हंगामात १२ पैकी दोनच सामने जिंकले, आदल्या वर्षी एकच. आणि मग शेजाऱ्याच्या अंगणात राष्ट्रीय विजेतेपद! अशा वेळी शर्ट कपाटात जातो की बाहेर राहतो, यावरून चालदिनींच्या सोमवारी कोण कुठे बसते ते कळते. पर्ड्यूवाल्यांकडे निदान तगडा बास्केटबॉल संघ आहे. हिवाळा त्यावर निघतो.

याचा खर्च कोण उचलतो?

बऱ्याच अंशी चाहताच. टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावली आणि ती खेळाडूंना देण्यासाठीच आहे, असे उघड सांगितले. माजी विद्यार्थ्यांकडे देणगीसाठी येणारे फोन पूर्वी वाचनालयासाठी असत, आता क्वार्टरबॅकसाठी असतात. इंडियानाकडे मार्क क्यूबन यांच्यासारखा अब्जाधीश माजी विद्यार्थी आहे. सगळ्यांकडे नाही.

नियम घालण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण गाडी पुढे सरकलेली नाही. अमेरिकी प्रतिनिधीगृहात कॉलेज क्रीडाविषयक विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये मतदानाला यायचे होते; पुरेशी मते दिसेनात म्हणून ते मागे घेतले गेले. खेळाडूंशी बहुवर्षीय करार करावेत, असे एक मत आहे. तसे केल्यास खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी ठरतील, ही विद्यापीठांची भीती. प्लेऑफ लवकर संपवावेत, हा सर्वात साधा उपाय. मात्र प्रक्षेपणाचे वेळापत्रक आड येते.

दरम्यान, चाहत्याच्या हातून लहानसहान गोष्टीही सुटत आहेत. एप्रिलमध्ये बहुतेक विद्यापीठे आपल्याच खेळाडूंचे दोन गट करून एक सराव सामना भरवत. तिकीट स्वस्त, पोरेबाळे घेऊन जायचे, नवे चेहरे पाहायचे. लांबलचक उन्हाळ्याआधी तेवढाच विसावा. २०२५ मध्ये नेब्रास्काने तो नेहमीचा सामना रद्द केला. आपले चांगले खेळाडू टीव्हीवर दाखवले की इतर विद्यापीठे त्यांना पळवतात, असे प्रशिक्षक मॅट रूल यांचे म्हणणे होते.

नेब्रास्काने शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद १९९७ च्या हंगामात मिळवले, कॉन्फरन्सचे १९९९ मध्ये. ज्याच्याभोवती दोन वर्षे आशा बांधल्या, तो क्वार्टरबॅक डिलन रायोला या जानेवारीत त्याच कॉन्फरन्समधल्या ऑरेगॉनला निघून गेला. लिंकन शहरातल्या त्यांच्या स्टेडियममध्ये सुमारे ८५ हजार माणसे बसतात. ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपलेली आहेत.