सातपुडा उशाशी, आणि आपण गादीवर

चैत्री पौर्णिमा झाली की पुढचे आठ-दहा दिवस माझ्या दवाखान्यात पायच पाय दिसतात. फोड आलेले, सालटी निघालेले, सुजलेले, नखे काळीनिळी पडलेले. आपल्या भागातून सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांची संख्या वाचकांना मी सांगायला नको. चोपड्याहून गड दोनशे किलोमीटरच्या आसपास. वैशाखाच्या तोंडावरचे ऊन, तापलेले डांबर आणि शेवटी नांदुरीचा चढ. मंडळी हे सगळे हसत पार करतात आणि परत आल्यावर माझ्यासमोर पाय लांब करून बसतात.

काही वर्षांपूर्वी असेच एक आप्पा आले होते. वय त्रेपन्न, बाजारात दुकान, दहा वर्षांचा मधुमेह. उजव्या अंगठ्याजवळ फोड आला होता, तो त्यांना कळलाच नव्हता. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते, खडा टोचला तरी पत्ता लागत नाही. फोड फुटला, त्यात धूळ गेली, आणि वर चार दिवस चालणे. मोजा काढला तेव्हा खोलीत वास पसरला. ‘आते काय करू, डाक्टरसाहेब?’ एवढेच ते म्हणाले. त्यांना जळगावला पाठवले. दोन बोटे गेली, पाय वाचला.

आप्पांच्या घरच्यांनी दोष दिला तो पायी वारीला. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. दोष वारीच्या आठ दिवसांचा नव्हता, आधीच्या साडेअकरा महिन्यांचा होता. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस, घर ते दुकान स्कूटरवर जाणारा, एकाएकी रोज तीस किलोमीटर चालू लागला तर शरीर काय करील? बैलसुद्धा नांगराला जुंपण्याआधी चार दिवस हलक्या कामाला लावतात.

या संदर्भात मला नेहमी आपल्या महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांची आठवण होते. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ ची. नाशिकला वैनतेय आहे. पेपरात त्यांचे नाव येते ते मोठ्या पराक्रमाच्या वेळी. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा, २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीची मुले एव्हरेस्ट चढली तेव्हा, किंवा २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेच्या माथ्यावर उभे राहिले तेव्हा. वाचकांना वाटते, ही काही आपली गोष्ट नव्हे. दोरखंड, बर्फ, ऑक्सिजनच्या नळ्या, हे सारे पोलादी छातीच्या लोकांचे काम. पण अशा संस्थांचे खरे आयुष्य त्या एका शिखरावर नसतेच. ते असते आडवारी भरणाऱ्या बैठकीत, दर रविवारच्या जवळच्या किल्ल्यावर, गाठी मारण्याच्या सरावात, आणि पावसाळा संपला की टाक्यातला गाळ काढण्यात. शिखर वर्षाकाठी एखादे, रविवार बावन्न. आरोग्याचा हिशेब त्या बावन्न रविवारांत आहे.

शिकत असताना मी एका अशाच संस्थेबरोबर दोन-तीन वर्षे हिंडलो. आता डोंगरांची नावे निम्मी विसरलो, एक नियम मात्र डोक्यात राहिला. सर्वांत हळू चालणारा पुढे, आणि सर्वांत तगडा माणूस सगळ्यांच्या शेवटी. पुढच्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे. शेवटच्याच्या मागे कोणी राहता कामा नये. त्या वयात मला हा नियम फार जाचक वाटे. पुढे डॉक्टर झाल्यावर कळले की हृदयरोगतज्ज्ञ जे सांगतो तेच ही पोरे न शिकता करीत होती. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर चाल फार संथ, आणि बोलतानाच धाप लागत असेल तर फार जोराची. यासाठी घड्याळ लागत नाही की यंत्र लागत नाही.

आता आपल्याकडे या. गावाच्या उत्तरेला मान वळवली की सातपुडा दिसतो. लासूरच्या पुढे चौगाव, आणि चौगावच्या डोक्यावर किल्ला. अडावदजवळ उनपदेव आहे, तिथे गरम पाण्याचा झरा आहे. यावल तालुक्यात मनुदेवी आहे, त्यापलीकडे रावेर तालुक्यात पाल. मुंबईचा माणूस डोंगर बघण्यासाठी रात्रभर रेल्वेत उभा राहतो. आपल्याला तो अंगणातून दिसतो, आणि आपण सकाळी उठून शिरपूर रस्त्यावर ट्रकचा धूर खात ‘मॉर्निंग वॉक’ करतो. एक किलोमीटर जायचे, एक यायचे, आणि परतताना गरम भजी. (भजी खाणाऱ्यांत एक डॉक्टरही असतो, हे कबूल करून टाकतो.) काखेत कळसा म्हणतात तो हाच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आठवड्यातून चार दिवस अर्धा-अर्धा तास सपाटीवर आणि रविवारी दोन-तीन तास डोंगर, एवढ्यात ते सहज भरून जाते. शिवाय डोंगराचा एक वेगळाच फायदा आहे. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी एक गमतीचा प्रयोग केला. बैठे काम करणाऱ्या निरोगी लोकांना त्यांनी दोन महिने फक्त डोंगर चढायला लावले, उतरताना मात्र झुल्यातून आणले. पुढचे दोन महिने उलटे, झुल्यातून वर आणि पायी खाली. चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी झाली, यात नवल नाही. पण साखर पचवण्याची शरीराची ताकद वाढली ती उतरण्याने! उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावण्याचे काम करतात. धाप लागत नाही, पण काम होते. ज्याला चढ झेपत नाही अशा मधुमेहाच्या माणसाला ही बातमी दिलासा देणारी आहे.

याच ब्रेकमुळे पहिल्या डोंगरानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरता येत नाही. घाबरू नये. तीन-चार दिवसांत ते जाते आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी दुखतही नाही. गुडघ्याचे मात्र वेगळे. उतरताना पावले लहान, वाट नागमोडी, हातात काठी. चांगली बांबूची काठी हजार रुपयांच्या मलमापेक्षा गुडघ्याला जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे. औषध दुकानदारांनी राग मानू नये.

गेली काही वर्षे आम्ही आठ-दहा जण पावसाळा सरला की रविवारी बाहेर पडतो. आमच्या मंडळाला नाव नाही, पाटी नाही, अध्यक्ष नाही. एक शिक्षक, दोन कापड व्यापारी, एक निवृत्त पोस्टमन, बाकी असेच. एकदा चौगावच्या वाटेवर आमच्यातले एक नाना एकाएकी गप्प झाले. नेहमी सर्वांत जास्त बोलणारा माणूस. पाहतो तो कपाळावर गार घाम, हात थरथरताहेत, विचारले तर उत्तर भलतेच. बरोबरच्यांना वाटले, ऊन लागले. मी खिशातला गूळ काढून त्यांच्या तोंडात घातला, पाण्यात साखर ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत नाना नेहमीसारखे बोलू लागले. सकाळी त्यांनी साखरेची गोळी घेतली होती आणि ‘वर जाऊन खाऊ’ म्हणून भाकरी डब्यातच ठेवली होती. गोळीने साखर उतरवली, चढाने आणखी उतरवली.

त्या दिवशी नाना एकटे असते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. म्हणूनच मी एकट्याने डोंगर करण्याच्या विरुद्ध आहे आणि मंडळाच्या बाजूने आहे. बरोबरच्या माणसाला माहीत पाहिजे की नानांना शुगर आहे, गुरुजींना ब्लडप्रेशर आहे. यात लाजण्यासारखे काय आहे? मधुमेहाच्या माणसाने काही खाल्ल्याशिवाय चढू नये, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी, आणि गोळीचे प्रमाण त्या दिवशी बदलायचे का हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, स्वतःच्या मनाने बंद करू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा. एक जिना चढून छाती भरून येते, नुकताच हृदयविकार होऊन गेला आहे, ब्लडप्रेशर ताब्यात नाही, अशांनी तपासणी झाल्याशिवाय निघू नये. आणि वाटेत छातीवर दडपण आले तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे जायचे नाही. बसायचे, इतरांना सांगायचे, मदत बोलवायची.

ऊन हा आपल्या खानदेशातला डोंगराचा खरा शत्रू. सह्याद्रीतल्या मंडळांचे वेळापत्रक आपल्याला जसेच्या तसे चालणार नाही. आपला हंगाम दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत. त्यानंतर जायचेच तर सूर्य उगवताना माथ्यावर आणि नऊच्या आत खाली. पाणी माणशी तीन लिटर. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही संजीवनी आपल्या स्वयंपाकघरातच असते, मात्र मधुमेहाच्या माणसाने तिच्यातली साखर हिशेबात धरावी. उन्हात कोणी बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि उशीर न करता रुग्णालय. उष्माघातात मिनिटांना किंमत असते. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो हे खरे, पण नाल्याचे पाणी वर पडलेल्या पावसाने अचानक चढते, आणि धबधब्याखालचा खडक शेवाळाने साबणासारखा झालेला असतो.

हल्ली दुसरेच एक फॅड आले आहे. पैसे भरा, बसमध्ये बसा, पन्नास पोरे एका किल्ल्यावर, बरोबर स्पीकर, कड्याच्या टोकावर उभे राहून फोटो. कोणाला कोणता आजार, कोणालाच माहीत नाही. पुढचा माथ्यावर पोचतो तेव्हा शेवटचा पायथ्याशी बूट बांधत असतो. याला मी गिरिभ्रमण म्हणत नाही. जुन्या संस्थांतून तयार झालेली मुले कशी असतात हे जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा दिसले. रात्रीच्या पावसात चढून मदतीला जाणाऱ्यांत डोंगरवेडी मंडळी पुढे होती. ती शिस्त बसच्या तिकिटात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्या मंडळात बायका का नाहीत? गडावर पायी जाताना त्या निम्म्याहून जास्त असतात, नऊवारीत आणि चपलांवर. रविवारचा डोंगर म्हटले की मात्र घरचा स्वयंपाक आडवा येतो. माझ्याकडे चाळिशीनंतरच्या ज्या ताई-माई गुडघेदुखी, थायरॉइड, वजन अशा तक्रारी घेऊन येतात, त्यांतल्या निम्म्यांना मी गोळीऐवजी डोंगर लिहून दिला असता. एका रविवारी पुरुषांनी भाकरी बांधून द्यायला काय हरकत आहे? गेल्या हंगामात आमच्या गुरुजींच्या सौभाग्यवती तीनदा आल्या. आता आमच्यात पुढे त्या चालतात, आणि खरे सांगायचे तर आमची चाल त्यामुळे वाढली आहे.

सातपुड्यातल्या पावरा-बारेला बांधवांना या लेखाची गरज नाही. डोक्यावर मोळी घेऊन ते रोज जितके चढतात तितके आम्ही महिन्यात चढत नाही. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला हजारो आदिवासी बांधव चढून जातात, त्यांना कोणी व्यायामाचे महत्त्व सांगितलेले नसते. नवख्या मंडळींनी त्यांच्यातलाच एखादा वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि तो ‘इथून पुढे नको’ म्हणाला तर ऐकावे. कड्याला आग्यामोहळ आहे हे त्याला ठाऊक असते, आपल्याला डंख बसल्यावर कळते. साप चावला तर दोरी आवळणे, चिरा देणे, मंत्र टाकणे हे काही करू नये. चावलेला अवयव न हलवता, माणसाला चालू न देता रुग्णालयात न्यावे.

आप्पा आता साठीच्या घरात आहेत. दोन बोटे नसलेल्या पायासाठी त्यांनी खास बूट बनवून घेतला. डोंगर चढायची त्यांना मी परवानगी दिलेली नाही. तरी रविवारी पहाटे ते आमच्याबरोबर चौगावपर्यंत जीपने येतात, पायथ्याच्या सपाट वाटेवर अर्धा तास चालतात, झाडाखाली बसून बूट-मोजे काढतात आणि लहान आरसा धरून तळवा न्याहाळतात. आम्ही उतरून येईपर्यंत त्यांनी चहा टाकलेला असतो. बिनसाखरेचा.