थंडीत क्लच का चिकटतो?



पोपटीचे दिवस आले की वालाच्या शेंगा, भाजी आणि दुधाचे कॅन लादून पनवेलच्या बाजाराकडे पहाटेच मोटारसायकली निघतात. याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते. गाडी सुरू होते, पण क्लच दाबून पहिला गिअर टाकताच गचका देऊन पुढे झेपावते, नाही तर बंद पडते. मागे घरधनीण बसली असेल तर पडण्याचा धोका. मग घाईने क्लचप्लेटा बदलल्या जातात आणि कष्टाचा पैसा जातो. पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच फवारणी करीत नाही, आधी कारण शोधतो. इथेही तसेच करावे.

बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा इंजिनच्या ऑइलमध्येच फिरतात. रात्रभर गार झालेले ऑइल घट्ट होते आणि प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. लिव्हर दाबली तरी त्या लगेच सुटत नाहीत. दोन-चार मिनिटे गाडी चालल्यावर दोष नाहीसा होत असेल तर प्लेटा बहुधा शाबूत आहेत, असे समजावे.

यावर उपाय सोपा आहे. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाकावा, क्लच दाबून धरावा आणि गाडी मागे-पुढे ढकलावी. प्लेटा सुटल्या की गाडी हलकी जाते. मग न्यूट्रल करून गाडी सुरू करावी व मिनिटभर तशीच ठेवावी. हे काम अंगणात करावे. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. तो धूर जिवावर बेततो.

गाडी तापल्यावरही गचका राहिला, तर पुढील तीन गोष्टी पाहाव्यात.

१. लिव्हरची ढिलाई. लिव्हरचे टोक साधारण १० ते २० मिलिमीटर सैल हलावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ढिलाई जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही. अजिबात नसेल तर तो घसरतो.

२. केबल. लिव्हर जड लागत असेल तर केबलमध्ये वरून ऑइलचे थेंब सोडावेत. तारेचे पदर तुटले असतील तर केबलच बदलावी. प्लेटांपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.

३. ऑइल. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो. तो लहान असेल तर ऑइल गारठ्यात कमी घट्ट होते. मोटारीचे ऑइल घालू नये, त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा शिक्का पाहावा. ओल्या क्लचसाठीचे हे जपानी मानक १९९८ पासून आहे.

चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, हा दुखणे निराळे. तो क्लच घसरतो आहे. त्याचा दोष थंडीला देऊ नये. तिथे ढिलाई आणि ऑइल ठीक असेल तरच प्लेटा तपासून घ्याव्यात.

निफाडकडे पारा काही वेळा ५ अंशांखाली उतरतो, तिथे सकाळी प्लेटा चिकटणे समजण्यासारखे आहे. पनवेलची थंडी तेवढी कडक नसते. म्हणून आपल्याकडे क्लच रोज चिकटत असेल तर थंडीवर न सोडता ढिलाई, केबल आणि ऑइल याच क्रमाने पाहावे, आणि मगच गॅरेजची वाट धरावी.